टाळकऱ्याने ऐकलेला पॅलेस्ट्रिना

पिंपळनेरात गाणं म्हणजे भजन. बुवा चरण घेणार, आम्ही टाळकरी ते उचलणार, पखवाजावर थाप पडणार आणि पांझरेच्या काठापर्यंत आवाज जाणार. मी या टाळकऱ्यांतलाच. पुढे नोकरीने मला मडगावला नेलं. तिथल्या एका छोट्या कॉयरला खर्जातल्या आवाजाची माणसं कमी पडत होती, म्हणून एका सहकाऱ्याने मला नेऊन बसवलं. तिथे सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं युरोपी संगीत आधी गळ्यातून गेलं आणि मग कानाला कळू लागलं. निवृत्त होऊन गावी आलो. आता संध्याकाळी मंडळात टाळ आणि रात्री मोबाइलवर मोटेट, असं चाललेलं असतं. मंडळातली पोरं कुतूहलाने विचारतात, शेजारी वैतागून विचारतात. दोघांसाठी हे चार शब्द.

१. आधी सालं जुळवा, मग सूर

जुनं युरोपी संगीत म्हटलं की आपल्याला बीथोव्हन आठवतो. तो जन्मला १७७० साली, थोरले माधवराव पेशवे गादीवर असताना. मी सांगतोय ते त्याच्या दोनशे वर्षं आधीचं. परकी सालं डोक्यात राहत नाहीत, म्हणून मी ती संतांच्या सालांशेजारी मांडून घेतली. एकनाथ महाराजांचा काळ १५३३ ते १५९९. रोमचा पॅलेस्ट्रिना १५२५ च्या सुमारास जन्मला आणि १५९४ मध्ये वारला. म्यूनिकच्या दरबारातला ओर्लांदो दी लासो त्याच वर्षी गेला. नाथांनी काशीत भागवतावरची टीका पुरी केली १५७३ मध्ये. तेव्हा पॅलेस्ट्रिना सेंट पीटर्सचा गायकवृंद सांभाळत होता. तुकोबांचं जन्मसाल १६०८ धरलं, तर त्याच्या आदल्याच वर्षी मांटुआ शहरात माँतेव्हर्दीचा ‘ऑर्फेओ’ हा ऑपेरा झाला.

हे दोन्ही धागे एका माणसापाशी येऊन मिळतात. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडातल्या विल्टशरचा. १५७५ मध्ये तो रोमला जेझुइट संघात दाखल झाला. त्याच वर्षांत त्याच शहरात पॅलेस्ट्रिना काम करत होता आणि स्पेनचा व्हिक्टोरिया जेझुइटांच्या जर्मन कॉलेजात संगीत शिकवत होता. १५७९ च्या एप्रिलात लिस्बनहून निघालेला स्टीफन्स ऑक्टोबरात गोव्याला उतरला, सासष्टीत चाळीस वर्षं राहिला आणि मराठीत ख्रिस्तपुराण रचून बसला. सुमारे अकरा हजार ओव्या! ते रायतूरला छापलं गेलं १६१६ मध्ये. पॅलेस्ट्रिनाच्या रोममधून निघालेला माणूस ज्ञानोबांच्या ओवीपाशी पोचला, हे एकदा कळलं की ‘आपला काय संबंध’ हा प्रश्न उरत नाही.

२. बुवा शोधू नका

भजनी माणसाची पहिली अडचण हीच. कान आपोआप मुख्य गायक शोधतो. मंडळातल्या एका मित्राला मी पॅलेस्ट्रिना ऐकवला, तर तो अहिराणीत म्हणाला, “हाई काय शे भो? सगळा येकदमच बोली ऱ्हायनात!” त्याचं निरीक्षण शंभर टक्के खरं. सगळे एकदमच बोलतात, पण प्रत्येक जण शिस्तीत बोलतो.

‘सिकुत चेर्वुस’ हे पॅलेस्ट्रिनाचं चार आवाजांचं मोटेट घ्या. मोटेट म्हणजे लॅटिन धर्मवचनावर बांधलेली, वाद्यांशिवाय गाता येणारी रचना. इथे तहानलेल्या हरणाचं स्तोत्र आहे. आधी टेनर, म्हणजे पुरुषांचा वरचा आवाज, एकटा सुरू करतो. त्याची ओळ अर्ध्यात असतानाच आल्टो तीच चाल वेगळ्या पट्टीवरून उचलतो. मग सोप्रानो, आणि सगळ्यांत शेवटी आम्ही खर्जातले, म्हणजे बास. चौथा आत येईपर्यंत पहिला पुढच्या वाटेला लागलेला असतो. त्यानंतर कुणीच म्होरक्या नाही. चाल ज्याच्या हातात येईल तो त्या क्षणापुरता पुढे, बाकीचे त्याला जागा करून देतात.

ऐकताना युक्ती एकच. नवा आवाज आत आला की त्याच्याकडे वळा, तो स्थिरावला की सोडून द्या. सगळे धागे एकाच वेळी धरायला गेलात तर डोकं दुखेल.

समही शोधू नका. तबला नाही, ठेका नाही, फिरून एका जागी येऊन आपटणं नाही. त्या काळी गायक हात खाली-वर करून संथ मोजणी करत, नाडीच्या ठोक्यासारखी. शब्दाचा जोर प्रत्येक आवाजात वेगळ्या वेळी पडतो, म्हणून हे संगीत चालत नाही, तरंगतं. समेवर मान टाकायची सवय असलेल्याला सुरुवातीला चुकल्याचुकल्यासारखं वाटतं. थोडे दिवस तसंच बसू द्यावं.

३. आपली ओळ धरा, कान दुसऱ्याकडे ठेवा

हे शिकवलं आमच्या मेस्तांनी. गोव्यात संगीत शिकवणाऱ्याला मेस्त म्हणतात. आमच्या हातात चारही आवाज एकाखाली एक छापलेला कागद असे. चाल अंगवळणी पडली की मेस्त जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्या आणत आणि आम्हाला वरच्या तिन्ही ओळी झाकायला लावत. समोर फक्त बासची ओळ. “आता डोळ्यांनी ऐकू नका,” म्हणत.

सोळाव्या शतकातला गायक असाच गाई. १५०१ मध्ये व्हेनिसच्या पेत्रुच्चीने अनेक आवाजांचं संगीत खिळ्यांनी छापायला सुरुवात केली. पुढे शतकभर ही पुस्तकं बहुधा आवाजवार निघत: सोप्रानोचं वेगळं, टेनरचं वेगळं, बासचं वेगळं. तालाच्या उभ्या रेघा नाहीत, शेजारी काय गातोय ते कागदावर नाही. आपली जागा कधी येणार हे मोजायचं आणि कानाने पडताळायचं. लंडनच्या जॉन डाउलंडने १५९७ मध्ये गाण्यांचं पुस्तक काढलं. त्याची मांडणी मला फार आवडते. पुस्तक टेबलावर उघडं ठेवायचं. डाव्या पानावर मुख्य ओळ आणि ल्यूट या तंतुवाद्याची साथ. उजव्या पानावर बाकीचे आवाज, पण प्रत्येकाची ओळ वेगवेगळ्या दिशेला तोंड करून छापलेली. चौघं टेबलाभोवती बसले की एकाच पुस्तकात प्रत्येकाला आपली ओळ सुलट दिसते. जेवण उरकल्यावर घरातल्या मंडळींनी गायचं, अशी ती सोय होती.

बासला विश्रांतीच्या जागा बऱ्याच. त्या मोजताना लक्षात आलं की गप्प बसणं हेही गाण्यातलंच काम आहे. मी थांबतो म्हणून आल्टोची नाजूक ओळ ऐकू येते. श्वासाचंही तसंच. लांब स्वर चालू असताना शेजाऱ्याने श्वास घेतला की आपण घ्यायचा नाही. थोड्या अंतराने, हळूच घ्यायचा. मग ऐकणाऱ्याला स्वर अखंड वाटतो. यासाठी शेजाऱ्याच्या खांद्याची हालचाल टिपावी लागते. मंडळात परत आल्यावर माझ्यात फरक पडला तो इथे. पूर्वी मी बुवांकडे बघून गायचो, आता बाजूच्याकडेही लक्ष असतं.

४. पेटी मिटा, तंबोरा लावा

आपला कान पेटीवर पोसलेला. पेटीचा शुद्ध गांधार नैसर्गिक गांधारापेक्षा किंचित चढा असतो, एका अर्धस्वराच्या साधारण सातव्या हिश्श्याइतका. रोजच्या भजनात ते खपून जातं. वाद्यांशिवाय चार माणसं लांब स्वर लावून उभी राहिली की खपत नाही. सा आणि ग एकत्र लागले आणि ग चढा असला, तर स्वरांत थरथर येते. ग थोडा खाली, आपल्या जागी बसला की थरथर थांबते आणि दोन आवाज एकमेकांत मुरतात.

हा गांधार मडगावच्या तालमीत मला पटकन सापडला, त्याचं श्रेय कॉयरला नाही, तंबोऱ्याला. चांगल्या लागलेल्या तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून गांधार आपोआप ऐकू येतो. तोच हा. तारेच्या भाषेत त्याचं सा शी नातं पाचास चार.

त्या काळच्या इटलीत यावर कडाक्याची भांडणं झाली. पुढे व्हेनिसच्या सान मार्को चर्चचा संगीतप्रमुख झालेल्या झार्लिनोने १५५८ मध्ये मोठा ग्रंथ लिहून हा पाचास चारचा गांधार शास्त्रात बसवला. त्याचाच शिष्य व्हिन्चेंझो गॅलिली पुढे गुरूच्या विरोधात गेला आणि १५८१ मध्ये त्याने उलट ग्रंथ छापला. कागदावरची गणितं एक सांगतात, वाजवणाऱ्याच्या तारा दुसरंच सांगतात, असा त्याचा मुद्दा. तारांना वजनं टांगून त्याने प्रयोगही केले. दुर्बीणवाला गॅलिलिओ हा याच घरातला मुलगा.

म्हणून सांगतो, पेटीवर सूर शोधत हे संगीत ऐकू नका. मोबाइलवर तंबोऱ्याचं ॲप असतं. ते थोडा वेळ लावा, कान धुतला जाईल, मग पॅलेस्ट्रिना लावा.

५. शब्द आधी वाचून घ्या

भजनात शब्द नाही कळला तर गाणंच गेलं. इथे चार आवाज चार वेगळ्या वेळी वेगळे शब्द उच्चारतात, भाषा लॅटिन, मग कळणार काय? ही तक्रार तुमची-माझी नाही, खुद्द रोमची आहे. १५४५ ते १५६३ या काळात ट्रेंट गावी भरलेल्या धर्मपरिषदेत शेवटी शेवटी चर्चमधल्या गाण्यावरही चर्चा झाली. शब्द बुडतात, रस्त्यावरच्या प्रेमगीतांच्या चाली आत शिरल्या आहेत, असे आक्षेप होते. १५६५ च्या एप्रिलात तर रोममध्ये एका कार्डिनलच्या घरी पोपचे गायक बोलावून, शब्द कळतात की नाही हे ऐकून पाहिलं गेलं.

मास म्हणजे कॅथलिक उपासनेतल्या ठरावीक पाठांना दिलेलं संगीत. पॅलेस्ट्रिनाची ‘पोप मार्सेलुस’ या नावाची मास ऐकताना या वादाचं उत्तर सापडतं. १५६७ मध्ये ती छापली. तिच्यात जिथे मजकूर मोठा आहे तिथे सहाही आवाज बरेचदा एकत्र, स्पष्ट शब्दांत चालतात. ‘किरिये’ या पहिल्या भागात दयेची याचना करणारे मोजकेच शब्द आहेत. ते सगळ्यांना पाठ, मग तिथे धागे मोकळे सोडले आहेत. शब्द कुठे सोडायचा आणि कुठे धरायचा, याचा हा विवेक. आलाप आणि बोल यांतला फरक जाणणाऱ्या मराठी श्रोत्याला तो वेगळा समजावावा लागत नाही.

स्टीफन्सने याच प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे वेगळं दिलं. सासष्टीतल्या लोकांना कानाने पुराण ऐकायची सवय होती. त्याने ओवी घेतली: एक आवाज, स्वच्छ शब्द, लोकांची भाषा. गोव्यातल्या चर्चांमधून आणि घरांतून ती पिढ्यान्‌पिढ्या वाचली-गायली गेली.

माझा नेम असा: ऐकण्याआधी मजकुराचा अर्थ एकदा वाचून घ्यायचा. बहुतेक रचना दोन-चार ओळींच्याच असतात.

६. दंतकथेपेक्षा हिशेबाची वही रसाळ

पॅलेस्ट्रिनाबद्दल लोक हमखास सांगतात की, पोप बहुस्वरी गाण्यावर बंदी घालणार होता, याने एका रात्रीत मास लिहिली आणि संगीत वाचवलं. कथा झकास. पण ती छापात पहिल्यांदा दिसते १६०७ मध्ये, तो वारल्यावर. लासोला त्याच्या गोड आवाजापायी लहानपणी तीनदा पळवून नेलं, ही कथाही अशीच.

खऱ्या गोष्टी जास्त चविष्ट आहेत. १५५५ मध्ये पॅलेस्ट्रिनाला पोपच्या खास गायकवृंदातून काढलं, कारण तो लग्न झालेला होता आणि नव्या पोपला तिथे ब्रह्मचारी हवे होते. पुढे साथीच्या रोगांत त्याचे दोन मुलगे गेले, १५८० मध्ये बायको गेली. तो धर्मगुरू व्हायला निघाला होता, पण वर्षभरात एका फर-व्यापाऱ्याच्या विधवेशी लग्न केलं आणि तिचा धंदा नीट चालवला. त्या पैशातून स्वतःच्या रचना छापून घेतल्या. शंभराहून जास्त मासेस लिहिणारा हा माणूस कातड्यांच्या गठ्ठ्यांचे भाव करत होता, हे कळल्यापासून मला तो पिंपळनेरच्या बाजारातल्या एखाद्या हुशार दुकानदारासारखा जवळचा वाटतो.

लंडनमध्ये टॅलिस आणि बर्ड या गुरु-शिष्यांना एलिझाबेथ राणीने १५७५ मध्ये संगीत छापायचा एकवीस वर्षांचा मक्ता दिला. त्यांनी राणीच्या कारकिर्दीच्या सतराव्या वर्षी प्रत्येकी सतरा रचनांचं पुस्तक काढलं. ते खपलं नाही. दोनच वर्षांत दोघं राणीकडे मदतीचा अर्ज घेऊन गेले.

बर्डची दुसरी बाजू जास्त विचार करायला लावते. प्रॉटेस्टंट इंग्लंडात तो कॅथलिक होता. राणीच्या चर्चसाठी इंग्रजीत लिहायचा आणि आपल्या लोकांसाठी लॅटिन मासेस. तीन, चार आणि पाच आवाजांच्या त्या मासेस १५९० च्या दशकात मुखपृष्ठाशिवाय छापल्या गेल्या. त्या गायल्या जात श्रीमंत कॅथलिकांच्या वाड्यांतून, दारं लावून. म्हणून आवाज मोजकेच. त्याच्या पिढीचा स्टीफन्स देश सोडून गोव्याला आला, बर्ड तिथेच राहिला. दोघांनीही आपापल्या मार्गाने श्रद्धा गाण्यात ठेवली.

७. जागाही ऐका

आमच्या पश्चिमेच्या डोंगरांत मार्गशीर्षात डोंगऱ्यादेव बसतो. कोकणा-भिल्ल मंडळी रात्ररात्र रिंगण धरतात, मध्ये पावरी वाजते. भोपळा आणि शिंग जोडून केलेलं ते वाद्य उघड्या माळावर लांबपर्यंत पोचावं यासाठीच आहे. बंद खोलीत ते कानठळ्या बसवेल. प्रत्येक संगीत आपली जागा सोबत घेऊन जन्मतं.

पॅलेस्ट्रिनाची जागा म्हणजे उंच दगडी छत. जुन्या गोव्याला से कॅथेड्रल आणि बॉम जेझूची बॅसिलिका (पहिलं १५६२ ला सुरू झालं, दुसरं १६०५ ला पुरं झालं) याच पिढीच्या वास्तू. अशा वास्तूत स्वर सोडल्यावरही तो घुमत राहतो. तिथे द्रुत तान घेतली तर चिखल होतो. संथ चाललेला, शेजारच्या स्वरांवर पाऊल टाकणारा आवाज मात्र मागच्या स्वराशी मिसळून भरत जातो. या संगीतात उड्या कमी आणि पावलं जास्त का, याचं एक कारण हे असावं असं मला तिथे उभं राहून वाटलं.

व्हेनिसवाल्यांनी तर जागेलाच वाद्य केलं. सान मार्कोत समोरासमोर ऑर्गनचे सज्जे. तिथे गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचे गट वेगवेगळ्या जागी उभे करून त्यांच्यात सवाल-जवाब रंगवले जात. जोव्हान्नी गाब्रिएलीने १५९७ मध्ये छापलेल्या एका रचनेत कुठे हळू आणि कुठे जोरात हे कागदावर लिहून ठेवलं. असं लिहून ठेवणाऱ्या पहिल्या काही रचनांत ती मोजतात. टॅलिसचं ‘स्पेम इन आलियुम’ तर चाळीस वेगवेगळ्या आवाजांचं. पाच-पाच जणांचे आठ गट.

आमच्याकडे नामसप्ताहाला मांडव आणि भोंगे. तिथे हे ऐकवायचं धाडस करू नये. चांगले हेडफोन घ्या. जमलं तर फेब्रुवारीच्या सुमारास जुन्या गोव्याच्या टेकडीवरच्या चॅपेलमध्ये होणाऱ्या मोंते महोत्सवाला जा. तिथे हिंदुस्थानी मैफल आणि पाश्चात्त्य गायन एकाच अंगणात ऐकायला मिळतं.

८. सूर कुठल्या गलबतातून आले, तेही लक्षात ठेवा

गोव्यात १५४५ पासून चर्चच्या शाळांतून मुलांना वाचन आणि धर्मशिक्षणाबरोबर स्वरलेखन, गायन, वाद्य शिकवलं जाऊ लागलं. रोममध्ये जे नवं होतं ते थोड्याच वर्षांत इथल्या पोरांच्या गळ्यात आलं. पुढे मुंबईच्या सिनेमातल्या वाद्यवृंदांत गोव्याचे वादक भरलेले दिसतात, त्याचं मूळ या शाळांत आहे.

पण हे सूर एकटे आले नाहीत. १५६० मध्ये गोव्यात धर्मन्यायालय आलं. १५६७ मध्ये सासष्टीतली देवळं पाडली गेली. त्याआधीच मंगेश कुशस्थळीहून प्रियोळला आणि शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, नदीपलीकडे हलली होती. १६८४ मध्ये लोकांच्या भाषेवरच फर्मान निघालं. मी चर्चमध्ये उभा राहून व्हिक्टोरिया गायलो आणि दुसऱ्या दिवशी मंगेशीला जाऊन हात जोडले. मला दोन्ही खरं वाटलं. संगीत आवडतं म्हणून इतिहास झाकायचा नाही, आणि इतिहास कडू म्हणून सूर थुंकायचा नाही. गोव्याच्या ख्रिस्ती माणसाने ते सूर स्वतःचे केले, ही तिसरी गोष्टही तितकीच खरी.

लेंटच्या दिवसांत, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळात, सासष्टीच्या गावांतून मिरवणुकीत गायली जाणारी मोटेट ऐका. शब्द लॅटिन, सोबत व्हायोलिन आणि क्लॅरिनेट, चाली मात्र नंतरच्या शतकांत गोव्याच्याच मेस्तांनी बांधलेल्या. पॅलेस्ट्रिनाच्या शैलीशी त्यांचं नातं दूरचं. पण कुळी तीच. रात्री मशालीसारख्या दिव्यांच्या उजेडात दोन आवाज गांधाराच्या अंतराने हातात हात घालून चालतात. ते ऐकताना युरोप आठवत नाही, गोवाच आठवतो.

९. या क्रमाने ऐका

सुरुवात लहान आणि चार आवाजांच्या रचनांनी. पहिला नंबर बर्डच्या ‘आवे व्हेरुम कोर्पुस’ला. १६०५ च्या पुस्तकातला हा तुकडा चार-पाच मिनिटांचा. मग पॅलेस्ट्रिनाचं हरीण. मग व्हिक्टोरियाचं ‘ओ मान्युम मिस्टेरियुम’, १५७२ चं. गोठ्यातली जनावरं नवजात देव पाहतात, असा प्रसंग. दावणीशी वाढलेल्या माणसाला आवडणारच.

कंटाळा आला तर लासोचं प्रतिध्वनीगीत लावा. दोन गट, एक बोलतो, दुसरा लांबून त्याचंच शेपूट पकडून उत्तर देतो. घरातली मुलं हसतात. लासो तसा मिस्कील होता, आणि आयुष्याच्या अखेरीस त्यानेच संत पीटरच्या अश्रूंवर सात आवाजांचं करुण काव्य बांधलं. ते त्याच्या मागे लगेच ऐकावं, म्हणजे माणसाचा आवाका कळतो.

व्हिक्टोरियाने १६०३ मध्ये सम्राज्ञी मारियाच्या मृत्यूवर लिहिलेलं ‘रिक्विएम’ एकटं बसून, एका दमात ऐकावं. घरात दुःख झालेलं असताना मी ते ऐकलं आहे. ते समजूत घालत नाही, सोबत बसतं.

जेझुआल्दो अगदी शेवटी. व्हेनोझाचा हा राजपुत्र. १५९० मध्ये त्याने बायको आणि तिचा प्रियकर यांना मारलं. १६११ मध्ये छापलेल्या त्याच्या मॅड्रिगलमध्ये, म्हणजे इटालियन कवितेवरच्या बहुस्वरी गाण्यांत, स्वर असे घसरतात की पट्टी हातातून निसटते. खुनाच्या गोष्टीसाठी लोक त्याच्याकडे आधी धावतात. पण सरळ वाट ठाऊक नसेल तर वाकडी वाट वाकडी आहे हे कळत नाही.

१०. दोघांनी मिळून गा

एवढं सगळं वाचूनही कान उघडत नसेल तर ऐकणं थांबवा आणि गा. मंडळातल्या पोरांना मी हे करायला लावतो. भूप घ्या, केहरवा धरा. आठ मात्रांची ओळ: सा रे ग प, ग रे सा सा. पहिल्याने ती पुन्हापुन्हा गात राहायची. दुसऱ्याने तीच ओळ चार मात्रा उशिरा सुरू करायची, आणि मग कुणीही थांबायचं नाही.

आता काय होतं ते मात्रेमात्रेने बघा. पहिला ग वर येतो तेव्हा दुसरा सा वर असतो. पुढच्या मात्रेला दोघं रे वर एकत्र येतात. तिसऱ्या मात्रेला पहिला उतरून सा वर, दुसरा चढून ग वर. चौथ्याला सा आणि प. म्हणजे एक उतरतोय, एक चढतोय, रे वर भेट होते आणि पुन्हा वाटा वेगळ्या. कुठेही खडा लागत नाही. ओळ एकच आणि साधी, तरी दोन गळ्यांत ती एकट्याच्या गाण्याहून वेगळी होते.

पोरं पहिल्यांदा हमखास एकमेकांच्या ओळीवर घसरतात. ज्याचा गळा मोठा तो जोर लावून दुसऱ्याला ओढतो. जोर लावला की खेळ मोडतो, हे त्यांना दोन फेऱ्यांत कळतं. मग आवाज आपोआप बेताचा होतो आणि समोरच्याचा सा आपल्या ग ला कसा टेकू देतो, ते कानावर येऊ लागतं. पॅलेस्ट्रिनाने चार आणि सहा गळ्यांत केलं ते याच्या किती पुढचं आहे, हेही तिथेच उमगतं.

हे जमलं की लगेच बर्ड लावा. मघाशी जो एकच गलका वाटला, त्यात चार माणसं वेगवेगळी उभी दिसतील. नाहीच दिसली तर फार मनाला लावून घेऊ नका; केहरवा धरा आणि आणखी चार फेऱ्या गा.